स्पीड टेस्टला ९४ दाखवतंय, पण फाइल जाता जात नाही. कुठला आकडा खरा मानायचा?

घाटाजवळ

नमस्कार मंडळी. मी वाईत राहते, घाटाजवळच्या आळीत, जुन्या वाड्यात. जुन्या कागदांचं स्कॅनिंग हे माझं काम: मोडी दप्तरं, पोथ्या, हिशेबाच्या वह्या. पान ६०० डीपीआयला, रंगीत, कॉम्प्रेशन न करता घ्यायचं असतं. ए-फोर आकाराचं एक पान साधारण १०४ एमबीचं होतं. दिवसाला चाळीसेक पानं होतात, म्हणजे चार जीबीच्या वर माल पुण्याच्या एका छापखान्याच्या सर्व्हरवर चढवायचा. सकाळी दहाला त्यांची माणसं त्यावर कामाला बसतात, त्यामुळे आदल्या रात्री सगळं तिथे पोचलेलं हवं.

कनेक्शन इथल्याच केबलवाल्याचं आहे. फायबर, २०० एमबीपीएस, अपलोडही तेवढंच. हिशेब केला तर चार जीबी तीन मिनिटांत जायला हवेत. अर्ध्या वेगाने गेले तरी मी तक्रार करणार नाही. प्रत्यक्षात रात्री आठला सुरू केलेलं अपलोड पावणेदहापर्यंत चालतं, आणि मध्ये तुटलं तर ती फाइल पहिल्यापासून. परवा एक वही तीनदा चढवली. त्या वहीची पानं इतकी जीर्ण आहेत की उलटताना श्वास रोखावा लागतो, ते काम नीट पार पडतं, आणि शेवटी तारेत अडकतं याचं फार वाईट वाटतं.

घराची रचना सांगते, कारण त्याचा संबंध असावा. फायबर पुढून येतं, म्हणून राउटर ओसरीवर. माजघराच्या भिंती दोन फुटी, दगड-विटांच्या. मी काम करते माडीवर. माजघरात वायफायवर कधी १८, कधी ७, एकदा ३१ आलं. म्हणून इलेक्ट्रिशियनकडून ओसरीपासून माडीपर्यंत लॅन केबल ओढून घेतली, सुमारे २५ मीटर. त्या केबलवर टेस्ट केली की ९३ किंवा ९४ येतं. सकाळी, दुपारी, रात्री, कायम तेच. कंपनीचा मुलगा येतो, राउटरशेजारी उभा राहून स्वतःच्या फोनवर टेस्ट लावतो, २१२ दाखवतो आणि म्हणतो, "मॅडम, आमच्याकडून फुल आहे." तो खोटं बोलतोय असं मला वाटत नाही. आकडा मी डोळ्यांनी पाहिलाय.

गोंधळ इथेच आहे. रात्री नऊला माझ्या लॅपटॉपवर एक टेस्ट ९४ म्हणते, त्याच मिनिटाला फास्ट डॉट कॉम २२ म्हणतं, आणि फाइल मुंगीच्या पावलाने सरकत असते. आईचा रोज नऊला नागपूरच्या मावशीशी व्हिडिओ कॉल असतो, तोही अडखळतो. आधी मला वाटलं माझ्या अपलोडमुळे असेल, म्हणून चार दिवस तेवढा वेळ अपलोड थांबवून पाहिलं. फारसा फरक पडला नाही.

राउटर बदलू, प्लॅन वाढवू की केबलवाला बदलू? आणि यातला कुठला आकडा धरून मी त्याच्याशी बोलू?

वाचनमात्र

डीएनएस बदलून बघा. ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाका. माझ्याकडे त्याने नेट एकदम पळायला लागलं होतं. नाहीतर राउटर नवा घ्या, केबलवाले देतात ते डबे फार हलके असतात.

तारखांब

ताई, मी कराडकडचा. अकरा वर्षं घरोघरी फायबर टाकायचं काम करतोय, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचताना घर डोळ्यापुढे आलं.

आधी डीएनएसचं. डीएनएस म्हणजे पत्ता शोधून देणारा. तो आळशी असेल तर पान उघडायला सुरुवातीला वेळ लागतो, पण एकदा फाइल जायला लागली की त्याचं काम संपलं. तुमच्या अपलोडला त्याने काही होणार नाही. राउटरही लगेच घेऊ नका. तुम्ही इतकं नीट लिहिलंय की तीन वेगवेगळी दुखणी सरळ दिसतात. तिन्ही एकत्र आली म्हणून आकडे एकमेकांशी भांडतायत.

पहिलं दुखणं ते ९४. हा आकडा आम्ही लांबून ओळखतो. नेट खराब असेल तर आकडा हलतो: ६०, १२०, ८०. चोवीस तास ९४ येतो तेव्हा कुठेतरी १०० चं दार लागलेलं असतं. डेटा लहान लहान पाकिटांत जातो, आणि १०० च्या लिंकवर प्रत्येक पाकिटाच्या वेष्टनाचा भाग वजा केला की हातात ९४ च्या आसपास उरतात. लॅन केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला दोनच पुरतात, नारिंगी आणि हिरवी. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, चारही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार तुटली तरी केबल बंद पडत नाही, गुपचूप १०० वर उतरते, म्हणून कुणाला कळतही नाही. विंडोजच्या सेटिंगमध्ये इथरनेटखाली लिंक स्पीड बघा. १००/१०० लिहिलेलं असेल तर दोन ठिकाणी शोधा. एक, राउटरच्या मागची भोकं. बऱ्याच फायबर राउटरला एकच पोर्ट गिगाबिट असतो, बाकीचे १०० चे. दोन, केबलची दोन्ही टोकं, आणि इलेक्ट्रिशियनने ती भिंतीला कशी ठोकलीय ते. यू आकाराची पिन हातोडीने जोरात बसवली की आतली तार चेपते. मी अशा केबली पोत्याने काढल्यात.

दुसरं वायफाय. दोन फुटी भिंतीपुढे कुठल्याही राउटरचं काही चालत नाही. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतीला लवकर हरतं. २.४ लांब पोचतं, पण त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि तुमच्या आळीत प्रत्येक घर त्यातच बोलतंय. कंपनीचा पोरगा राउटरशेजारी ५ गिगाहर्ट्झवर उभा होता म्हणून त्याला २१२ मिळाले. माडीवर केबल पोचलीच आहे, तर माजघराच्या बाजूला केबलवर एक साधा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलवरून नेट घेऊन तिथे वायफाय देणारा डबा, लावा. भिंतीतून हवेने ओढणारा रिपीटर घेऊ नका, तो दुबळा सिग्नलच पुढे वाटतो.

तिसरं दुखणं खरं, आणि ते रात्रीचं. स्पीड टेस्ट नेटचा वेग मोजते असं आपण म्हणतो, पण ती मोजते तुमच्या लॅपटॉपपासून एका ठरावीक सर्व्हरपर्यंतचा रस्ता. ॲप आपणहून जवळचा सर्व्हर निवडतं, आणि जवळचा म्हणजे पुष्कळदा तुमच्या केबलवाल्याचा स्वतःचा किंवा तो ज्याच्याकडून नेट घेतो त्याचा. वाईकरांना सांगायचं तर टेस्ट सुरूर फाट्यापर्यंत जाऊन परत येते, आणि गाड्या तुंबल्यात खंबाटकीत. पुण्याला जाणाऱ्या फाइलला घाट ओलांडावाच लागतो.

टेस्ट एकाच वेळी अनेक जोडण्या उघडते हाही भाग आहे. गर्दीच्या रस्त्यावर सहा-आठ जोडण्या मिळून मोठा वाटा ओढतात. तुमची एकटी फाइल एका जोडणीने जाते, तिला एकच वाटा. अपलोड थांबवूनही मावशींचा कॉल अडखळतो हे तुम्ही लिहिलंत, त्यातूनच कळतं की गर्दी तुमच्या घरात नाही, पुढे आहे.

आता असं करा. वायफाय नको, केबलवरूनच. टेस्टमध्ये सर्व्हर हाताने बदला: एक केबलवाल्याचा, एक मुंबईतला दुसऱ्या कंपनीचा, एक हैदराबादचा. सकाळी सात आणि रात्री सव्वानऊ, तीन दिवस. आकडे वहीत लिहा. एकदा रात्री तीच फाइल छापखान्याऐवजी दुसरीकडे, एखाद्या क्लाउड ड्राइव्हवर चढवा. तिथे धडाक्यात गेली तर दोष छापखान्याच्या सर्व्हरचा, तुमच्या केबलवाल्याला उगाच बोल नको. आणि राउटरच्या सेटिंगच्या पानावर ऑप्टिकल पॉवर, म्हणजे फायबरमधून येणाऱ्या उजेडाची ताकद, दिसेल, ती कळवा. उणे १५ ते उणे २५ डीबीएमच्या मध्ये असेल तर फायबर ठीक. उणे २७ च्या पुढे गेली तर कुठेतरी फायबर मुडपलीय किंवा सांधा खराब आहे. तीन डीबी कमी म्हणजे उजेड निम्मा, एवढं लक्षात ठेवा.

घाटाजवळ

तारखांब दादा, तुम्ही लिहिलेलं मी कागदावर उतरवून राउटरशेजारी चिकटवलं. पाच दिवस लागले, पण सगळं केलं.

ऑप्टिकल पॉवर उणे २१.४. म्हणजे फायबर ठीक.

लिंक स्पीड खरंच १००/१०० होता. राउटरचा पहिला पोर्टच गिगाबिट निघाला, आणि त्यात टीव्हीचा डबा लावलेला होता. माझी केबल दुसऱ्यात. अदलाबदल केली, तरी १००. मग इलेक्ट्रिशियनला बोलावलं. माडीच्या जिन्याच्या वळणावर पिन इतकी रुतली होती की केबलचं वरचं आवरण चपटं झालेलं. तिथे केबल कापली तर तपकिरी जोडीतली एक तार तुटलेली. जिन्याखालून पुढचा तुकडा नवा टाकला, दोन्ही टोकं पुन्हा क्रिंप केली, आणि या वेळी पिनांऐवजी प्लास्टिकच्या सैल क्लिपा लावल्या. लिंक १००० झाली. त्या दिवशी दुपारी टेस्टला २०५ आलं तेव्हा मी आईला माडीवर बोलावून दाखवलं. आठ महिने मी अर्ध्याच वेगाचे पैसे वसूल करत होते, आणि त्यात केबलवाल्याचा काहीच दोष नव्हता.

आता रात्रीचं. सकाळी सातला तिन्ही सर्व्हरवर २०० च्या वर, अपलोडही तितकंच. रात्री सव्वानऊला केबलवाल्याच्या सर्व्हरवर २०३. मुंबईच्या दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर डाउनलोड ३८, अपलोड ६. हैदराबादला ३५ आणि ५. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशी शनिवार होता तर त्याहून वाईट. क्लाउडवर चढवलेली फाइलही रात्री तशीच रांगत गेली, तेव्हा छापखान्याचा सर्व्हर निर्दोष.

एक गोष्ट मी आपणहून केली. रात्री मुंबईतल्या त्या सर्व्हरपर्यंतचा मार्ग टप्प्याटप्प्याने दाखवणारी आज्ञा चालवली. पहिला टप्पा राउटर, १ मिलिसेकंद. दुसरा ३. तिसरा ४. चौथ्याला एकदम ८५, आणि तिथून शेवटपर्यंत ८५-९०. सकाळी हाच चौथा टप्पा ९ दाखवतो. मध्ये एका टप्प्यावर नुसत्या चांदण्या येतात, उत्तरच नाही. तो बंद आहे का?

पॅकेटमागे

मी नेटवर्कमध्येच काम करते, सध्या पुण्यात. तुमची मापं वाचून खरंच आनंद झाला, कारण इतक्या शिस्तीने लिहिलेली तक्रार आमच्याकडे क्वचित येते.

चांदण्यांची काळजी करू नका. मधली पुष्कळ यंत्रं स्वतःला विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणं टाळतात, पण पाकिटं पुढे व्यवस्थित पाठवतात. एकट्या मधल्या टप्प्यावर वेळ वाढलेला दिसला आणि पुढचे टप्पे पुन्हा कमी झाले, तर त्याला अर्थ नसतो. लोक तेवढंच छायाचित्र पाठवून भांडतात आणि हरतात. तुमच्याकडे चौथ्यापासून शेवटच्या टप्प्यापर्यंत उशीर टिकून राहिलाय, आणि तो फक्त रात्रीच आहे. याचा अर्थ तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधला दुवा रात्री भरतो. पाकिटं तिथे रांगेत उभी राहतात, म्हणून वेळ ९ वरून ८५ होतो. मावशींचा कॉल अडखळतो तो या रांगेमुळेच. कॉलला वेग फार लागत नाही, त्याला वेळेवर पोचणं लागतं. स्पीड टेस्ट करताना नुसता मोठा आकडा बघू नका, टेस्ट चालू असताना पिंग, म्हणजे पाकीट जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, किती चढतो तेही बघा.

तारखांब यांनी जोडण्यांबद्दल लिहिलं, त्याला धरून एक: फाइलझिलासारख्या प्रोग्रॅममध्ये एका वेळी दहापर्यंत फाइल्स समांतर पाठवता येतात. मुळात दोनच ठेवलेल्या असतात. पाच केल्यात तर तुमचा वाटा वाढेल. पण दुवा आधीच भरलेला असताना हा वाटा शेजाऱ्यांच्या ताटातून येतो हेही सांगायला हवं. अडचणीच्या दिवशी वापरा, रोज नको.

केबलवाल्याशी बोलताना "नेट स्लो आहे" असं म्हणू नका. तसं म्हटलं की तो मुलगा पुन्हा फोन घेऊन राउटरपाशी येईल. लेखी द्या: केबलवरून, लिंक १०००, ऑप्टिकल पॉवर इतकी, तुमच्या सर्व्हरवर २०३, बाहेरच्या दोन सर्व्हरवर ३८ आणि ३५, या तारखा, या वेळा, सकाळी मात्र सगळीकडे २०० च्या वर. आणि एकच प्रश्न विचारा: तुमची अपस्ट्रीम, म्हणजे मोठ्या कंपनीकडून घेतलेली लाइन, रात्री भरते का? तक्रारीचा डॉकेट नंबर घ्या. तक्रार केंद्राकडून समाधान झालं नाही तर सेवादात्याच्याच अपिलीय प्राधिकरणाकडे जाता येतं. आपल्याकडे २०२३ पासून ब्रॉडबँडची व्याख्या किमान २ एमबीपीएस अशी आहे, तेव्हा "हे ब्रॉडबँडच नाही" हा मुद्दा चालणार नाही. जाहिरातीत २०० लिहिलंय आणि बाहेरच्या जगाशी ३५ मिळतात, हा मुद्दा चालतो.

तारखांब

पॅकेटमागे ताईंनी बरोबर नस पकडली. केबलवाल्याच्या बाजूने दोन शब्द सांगतो, कारण मी त्याच्यासारख्यांकडेच काम केलंय. साध्या जीपॉन फायबरला, म्हणजे एकच फायबर अनेक घरांत वाटायच्या पद्धतीत, एका पोर्टवर डाउनलोडची क्षमता २.४८८ जीबीपीएस आणि अपलोडची १.२४४, ती ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली. सगळे एकदम वापरत नाहीत, म्हणून ती सहसा पुरते. खरा खर्च त्याच्या पुढे आहे, मोठ्या कंपनीकडून विकत घ्यायच्या बँडविड्थचा. घरं वाढत जातात, पण ती बँडविड्थ वाढवायला मालक बिचकतो. रात्री आठ ते अकरा प्रत्येक घरात टीव्ही नेटवर चालतो आणि तिथे कोंडी होते. चांगला मालक असेल तर त्याच्याकडे या दुव्याचा आलेख असतो. भरलेला दुवा आलेखात वरून सपाट दिसतो, डोंगरमाथ्याऐवजी टेबललँडसारखा. तो आलेख दाखवा म्हणा. मुलाला नका सांगू, मालकालाच भेटा.

घाटाजवळ

उशिरा लिहितेय, माफ करा. मध्ये एक मोठं दप्तर आलं होतं.

मालकांना भेटले. वही पुढे ठेवली. त्यांनी तीनही दिवसांचे आकडे वाचले आणि मुलाला कॉम्प्युटर इकडे फिरवायला सांगितला. आलेख होता. रात्री आठ ते सव्वाअकरा सपाट, अगदी पाचगणीच्या पठारासारखा. ते म्हणाले, "ताई, गणपतीनंतर नव्वद कनेक्शनं वाढली, मागे घेतलेली लाइन आता पुरत नाही." पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत वाढवतो म्हणाले, आणि मी मागितल्यावर तसं लिहूनही दिलं. मी प्लॅन वाढवायला निघाले होते हे त्यांना सांगितलं, तर ते स्वतःच म्हणाले, आत्ता ३०० चा घेतलात तरी रात्री तेवढंच मिळेल.

तोवर मी वेळ बदललीय. समांतर फाइल्सचा उपाय एकाच रात्री वापरला, कारण समोरच्या घरातल्या मुलीचा क्लास रात्री ऑनलाइन असतो आणि तिचं कनेक्शनही यांचंच आहे. आता पहाटे साडेपाचला आई उठते तेव्हा मी अपलोड लावते. कालच्या ४२ पानांना साडेतीन मिनिटं लागली, चहाला उकळी यायच्या आत. छापखान्यालाही कळवलंय की माल रात्रीऐवजी सकाळी सहाला येईल. त्यांना दहाला हवा असतो, त्यांची काही हरकत नाही.

माजघरासाठी ॲक्सेस पॉइंट घेतला. तो माडीच्या जिन्याच्या तोंडाशी लावला, म्हणजे मधली भिंत टळते. आईच्या फोनवर तिथे आता १४० च्या आसपास येतं. नऊचा कॉल मात्र अजून अडखळतो, म्हणून मावशीला सध्या दुपारी चारला बोलवलंय.

दहा तारखेनंतर सव्वानऊचे आकडे पुन्हा तीन दिवस घेऊन इथेच लिहीन. दादा, एक शंका राहिली: पावसात भिंतीला ओल येते, तर जिन्यातल्या लॅन केबलसाठी पाइप घालून घेऊ का, की क्लिपा पुरेत?

तारखांब

पाइप घाला, पाऊण इंची पुरेल. आत एक जास्तीची दोरी ओढून ठेवा, उद्या दुसरी केबल लागली तर भिंत फोडायला नको.